पालकांचा शनिवार

दाभोळे सरांनी चिठ्ठ्या टाकलेला पेढ्यांचा डबा माझ्यापुढे धरला आणि नेहमीसारखे म्हणाले, "काढा परब, काय नशिबात आहे ते."

मी चिठ्ठी उचलली, पण उघडण्याआधी दुसऱ्या रांगेकडे एकदा पाहून घेतलं. तिथे महानंदाचे आप्पा बसले होते. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, मांडीवर घडी करून ठेवलेलं उपरणं. कोल्हापूरच्या गूळ बाजारातले नावाजलेले अडते. सौद्यात एकदा भाव बोलले की बोलले, मग समोरच्याने देव पाण्यात ठेवले तरी मागे येत नाहीत, अशी त्यांची ख्याती. बाकीचे आईबाप आपापल्या पोरांकडे कौतुकाने पाहत होते. आप्पा माझ्याकडे पाहत होते.

ते मला पाहायलाच आले होते.

महानंदा शेटे आणि मी, विश्राम परब, विद्यापीठाच्या वादसभेत दर शनिवारी एकमेकांविरुद्ध बोलायचो. व्यासपीठावर ती अशी काही शुद्ध आणि धारदार बोले, की समोरच्याला पाणी मागायची सोय नसे. खाली उतरली की कोल्हापूरच्या मुलींसारखी "मी येतो, मी जातो" सुरू. पन्हाळ्यावरच्या कोजागिरीला आमच्या वादसभेचा दुधाचा बेत होता, त्या सहलीत आमचं जुळलं. मी एम.ए.ला आलेला कणकवलीचा, घाटाखालचा, वेगळ्या जातीचा. तिला निपाणीच्या तंबाखूवाल्यांचं स्थळ आलं, तेव्हा तिने आडपडदा न ठेवता आप्पांना माझं नाव सांगितलं.

आप्पा ओरडले नाहीत. म्हणाले, "घरी नको आणू त्याला. घरी बोलावलेला माणूस सोंग करतो. तो जिथं रोज असतो, तिथं मी बघतो त्याला."

आणि वर्षातून एकदा येणारा पालकांचा शनिवार चालून आला होता. त्या दिवशी घरच्यांना बोलवायचं आणि विषय त्यांना चिमटा काढणारा ठेवायचा, अशी वादसभेची पद्धत. आदल्या वर्षी 'मुलांनी आईवडिलांचाच धंदा पुढे चालवावा' हा होता, आणि एका सराफाने उठून पोराला तिथल्या तिथे झापलं होतं. या वर्षीचा विषय फळ्यावर लिहिला होता: 'लग्नाच्या बाबतीत आईवडिलांचा शब्द अखेरचा मानावा.'

मी चिठ्ठी उघडली. 'अनुकूल.'

महानंदाला अर्थात 'प्रतिकूल' आली. खुर्चीकडे परतताना ती माझ्या कानाशी पुटपुटली, "देवच पावला बघ. आज तू जिंक. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

आमची सभा वनस्पतिशास्त्राच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वर्गात भरे. भिंतीला लागून काचेच्या बरण्या, त्यांत औषधात बुडवलेल्या वेली आणि मुळं. त्या बरण्यांकडे पाहतच महानंदा बोलली. आप्पांच्या नजरेला नजर देणं तिला जमेना. एरवी जी मुलगी दाभोळे सरांनाही गप्प करायची, ती 'आईवडिलांचा मान राखूनच मी असे म्हणेन' यातच अडकून राहिली. तिचा एकही मुद्दा धड उभा राहिला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला हायसं वाटलं, कारण आज मला जिंकायचं होतं.

मी उठलो.

सुरुवातीला मी नेहमीचेच दोनचार मुद्दे मांडले, संस्कार, अनुभव वगैरे. मग थांबलो. आमच्यात प्रत्येकाची एक ठेवणीतली खुबी असे. बाजीराव इंगवले आवाज काढायचा, महानंदा प्रश्न विचारायची. माझी खुबी माणसांची. मुद्दा अडला की मी एखादं माणूस उभं करत असे. त्या दोन वर्षांत मी एक मामा बुडवला होता, एक आंधळी आत्या काशीला पाठवली होती, आणि हुंड्यावरच्या वादात तर माझ्या आजीने भर मांडवातून आजोबांना परत पाठवलं होतं. वादसभेत सगळेच असं करत आणि सगळ्यांना ते माहीत असे.

त्या दिवशी मी बहीण उभी केली.

"माझी थोरली बहीण प्रमिला," मी म्हणालो, "घरात कुणाला न सांगता मुंबईला गेली. लग्न केलं. मुलगा वाईट होता का, आम्हाला ठाऊक नाही. आम्ही त्याला पाहिलाच नाही. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मुंबईची गाडी यायच्या वेळेला माझे बाबा कणकवलीच्या स्टँडवर जातात. गाडी रिकामी होईपर्यंत उभे राहतात. कशाला गेला होता, असं कुणी विचारू नये म्हणून येताना एक नारळ विकत घेऊन येतात. आमच्या दारात नारळाची झाडं आहेत."

वर्गात कुणी हलेना.

"आई तो नारळ घेते, कोपऱ्यात ठेवते, काही बोलत नाही. मंडळी, प्रमिलाने बाबांचा शब्द मोडला असं मी म्हणत नाही. तिने तो विचारलाच नाही. अखेरचा शब्द म्हणजे नकारच, असं आपण धरूनच का चालतो? कदाचित बाबा 'हो' म्हणाले असते. रोज स्टँडवर जाणारा माणूस नाही कशाला म्हणेल? पण तो 'हो' त्यांच्या तोंडातच राहिला. त्यांना तो म्हणू द्यायला हवा होता. मुलांनी आईवडिलांना एवढं तरी द्यावं."

हे शेवटचं मी सरळ आप्पांकडे पाहून बोललो. ते माझ्याकडे पाहत नव्हते. उपरण्याचं टोक त्यांनी डोळ्यांना लावलं होतं. त्यांच्या शेजारी बसलेल्या बाई तर हुंदके देत होत्या. महानंदाच्या डोळ्यांतही पाणी होतं. मला इतका आनंद झाला होता, की खाली उतरताना पायरी चुकली आणि बाजीरावाने मला दंडाला धरून सावरलं.

निकाल काय लागणार हे उघड होतं. दाभोळे सरांनी माझं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या, आणि सगळा लवाजमा कँटीनकडे निघाला.

आता तिथली रीत सांगायला हवी. दाभोळे सर तत्त्वज्ञान शिकवायचे. त्यांनी वादसभा सुरू केली तेव्हाच एक नियम घालून दिला होता. वाद संपला की सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसायचं, आणि चहा आला की प्रत्येक वक्त्याने आपली बाजू खाली ठेवायची. म्हणजे, 'मी बाजू खाली ठेवतो' असं म्हणून आपल्याला खरोखर काय वाटतं ते एकदोन वाक्यांत सांगायचं. "बाजू घरी घेऊन जायची नाही," सर म्हणायचे, "घरच्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?" व्यासपीठावर काहीही बोला, टेबलाशी खरं बोला. आमची भांडणं कधी टिकली नाहीत, ती या रीतीमुळे.

आप्पांना सरांनी शेजारी बसवलं आणि ही रीत समजावून सांगितली. आप्पांनी लक्ष देऊन ऐकलं. "बरं आहे की," एवढंच म्हणाले.

बाजीरावाने बाजू खाली ठेवली, म्हणाला, "आमच्या म्हाताऱ्यानं बघितलेली कुठलीबी पोरगी मला चालेल, फक्त तिनं मला चालवून घ्यावं." पालक खो खो हसले. मग महानंदाची पाळी आली. ती आता बरीच सावरली होती.

"मी बाजू खाली ठेवतो," ती म्हणाली. "आप्पांना विचारल्याशिवाय मी लग्न करणार नाही. पण आप्पांनीपण मला विचारल्याशिवाय माझं ठरवू नये."

"खरं आहे तुझं," आप्पा म्हणाले आणि हसले. मग ते माझ्याकडे वळले. माझी पाळी शेवटची, जिंकलेल्याची. पण त्यांना धीर धरवला नाही.

"परब, लई मनापासून बोललात तुम्ही. एक विचारू का? तुमची भैन आता मुंबईत कुठं असती?"

मी समोरच्या कपाचा कान उगाच फिरवला.

"आमचा गूळ जातो की मुंबईला. मशीद बंदरला आमची चार माणसं आहेत. पत्ता नसला तरी नाव सांगा, हुडकून काढू. तुमच्या वडलांचं वय किती? या वयात रोज स्टँडवर जायचं म्हणजे..." त्यांनी उपरणं खांद्यावर सारखं केलं. "आपण जाऊन घेऊन येऊ तिला. मी येतो संगट."

महानंदाने माझ्याकडे पाहिलं. ती मान हलवत होती, अगदी थोडी. आत्ता काही बोलू नको, असं ती सांगत होती, हे मला कळलं. पुढे मागे सांगता येईल, आज नको. मीही गप्प राहिलो असतो. कदाचित.

पण बाजीरावाला हसू आवरेना. तो मनाने अगदी साधा माणूस आणि त्याला बिचाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"काका," तो म्हणाला, "कुणाला हुडकताय? ह्याला भैनच नाही! एकुलता एक आहे ह्यो. मागच्या महिन्यात मामा बुडवला होता ह्यानं, आम्ही सगळे रडलो, आणि मामा दुसऱ्या दिवशी ह्याला भेटायला आंबे घेऊन आला!"

टेबलावर हशा पिकला. पालकही हसले, हुंदके देणाऱ्या बाई तर सगळ्यांत जास्त हसल्या. दाभोळे सर म्हणाले, "परब, तुमचं काम कठीण आहे बुवा." आप्पा हसणाऱ्यांच्या तोंडांकडे एकेक करून पाहत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"खरं का?" त्यांनी विचारलं.

"मी बाजू खाली ठेवतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? त्या टेबलाशी मी कधीच खोटं बोललो नव्हतो. "मला बहीण नाही. बाबा स्टँडवर जातात ते पेपर आणायला. आणि मला विचाराल तर लग्न हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, आईवडिलांनी आशीर्वाद द्यावा आणि बाजूला व्हावं, असं मला वाटतं."

"असं," आप्पा म्हणाले. त्यांनी कप उचलला आणि चहा प्यायला. ते रागावलेले दिसले नाहीत. दाभोळे सरांशी ते पावसापाण्याबद्दल बोलले, जाताना बाजीरावाच्या पाठीवर थापही मारली. मग मला म्हणाले, "चला, फाटकापर्यंत सोडा मला."

ऊन उतरलं होतं. फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही दोघेच होतो. बोलायला मीच सुरुवात केली. वाद म्हणजे काय, तो एक अभ्यास कसा असतो, दुसऱ्याची बाजू मांडल्याने माणूस उदार कसा होतो, असं बरंच काही मी सांगितलं. सगळं मुद्देसूद होतं. आप्पा ऐकत चालले होते.

"मी रडलो आज," ते मध्येच म्हणाले. "आमची मंडळी गेली त्याला बारा वर्षं झाली. त्याच्यानंतर आज रडलो. त्या पोरीसाठी, आणि तुमच्या वडलांसाठी. तो नारळ काय माझ्या डोळ्यापुढनं हलंना."

"आप्पा, तुम्हाला फसवायचं असं माझ्या..."

"फसवलं म्हणत नाही मी. तुमची रीत आहे ती. सरांनी सांगितली होती, मीच इसरलो." ते थांबले. "फक्त एक सांगा. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला ठाऊक असंल. उद्या तुम्ही माझ्या पोरीला म्हणालात, की बाई, तुझ्यावर माझा जीव आहे, तर तिनं कसं ओळखायचं? हे चहाच्या आधीचं का नंतरचं?"

मी तोंड उघडलं. आप्पांनी हात वर केला, सौद्यात पुरे म्हणताना करतात तसा.

"आत्ता नको. आत्ता तुम्ही चांगलंच बोलाल," ते म्हणाले आणि रिक्षात बसले.

सगळं संपलं, असं मी धरून चाललो. रविवारी खोलीबाहेर पडलो नाही. बाजीराव दोनदा येऊन गेला, कारण कळल्यावर स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतल्या आणि मग आप्पांच्या नावाने शिव्या घालायला लागला. सोमवारी दुपारी महानंदा ग्रंथालयाच्या बाहेर भेटली. ती माझी वाट पाहत उभी होती. बसथांब्यापर्यंत चल म्हणाली. चेहऱ्यावरून तिला झोप लागलेली दिसत नव्हती.

"आप्पा काय म्हणाले?" मी विचारलं.

"हो म्हणाले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"हो म्हणाले," ती पुन्हा म्हणाली. "पोरगा हुशार आहे म्हणाले. सगळ्यांनी लपवलं असतं, त्यानं तोंडावर खरं सांगितलं म्हणाले. माझ्या मनात थोडी शंका आहे, पण संसार तुला करायचा आहे, तू सांगशील तसं म्हणाले."

"मग?" मी हसायला लागलो होतो. रस्त्यावर तिचा हात धरायला पुढे झालो. तिने हात दिला नाही.

"मीच नको म्हणालो, विश्राम."

थांब्यावर कुणी नव्हतं. आम्ही बाकावर बसलो, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.

"तुला बहीण नाही, हे मला माहीत होतं की," ती म्हणाली. "तुझे मामा, आत्या सगळे मला माहीत आहेत. तरी परवा मी रडलो. नारळाचं सांगितलंस तेव्हा तर मला वाटलं, मी उठून बाहेर जावं. घरी गेलो, आप्पा हो म्हणाले, मला आनंद झाला. मग रात्री पडल्या पडल्या एकदम मनात आलं. जी मुलगी जन्मालाच आली नाही, तिच्यासाठी ह्यानं एवढं सगळं सुचवून काढलं. माझ्याविषयी हा असं कधी काय बोललाय?"

"महानंदा, हे काहीतरीच..."

"आठवायला लागलो. पन्हाळ्यावर काय म्हणालास, तर 'थंडी आहे नाही'. माझ्या वाढदिवसाला म्हणालास, 'बरी दिसतेस.' निपाणीचं स्थळ आलं म्हणून सांगायला आलो, मी मरायला टेकलो होतो त्या दिवशी, तर तू म्हणालास, 'बघू.'"

"कारण ते खरं होतं!" मी म्हणालो. माझा आवाज चढला. "खरं असलं की मला बोलता येत नाही. तुझ्यासमोर माझं डोकं बंद पडतं. वादात मी बोलतो कारण तिथे माझं काही जात नसतं. तुला एवढं कळू नये?"

"कळतं की. मला सगळं कळतं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिने केलं नाही. "पण जन्मभर मीच कळून घेत बसू का? एकदा तर मला ऐकू दे. त्या प्रमिलेला मिळालं त्याच्या अर्धं दे. बोल. आत्ता बोल. मी हो म्हणतो, आत्ता घरी जाऊन आप्पांना सांगतो. फक्त बोल."

ती माझ्याकडे वळून बसली. इतक्या जवळून तिने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

मला बोलायचं होतं. देवाशपथ सांगतो, आयुष्यात कशाचीही इतकी तळमळ लागली नव्हती. आणि वाक्यं येतही होती. 'तू नसशील त्या घरात...' असं एक आलं. कान देऊन पाहिलं तर ते व्यासपीठावरचं वाक्य होतं, त्यात थांबायची जागासुद्धा ठरलेली. ते मी सोडलं. दुसरं आलं, ते त्याहून सुंदर होतं, म्हणून तेही सोडलं. आप्पांचा प्रश्न माझ्या डोक्यात भिनला होता. हे कुठलं? आधीचं की नंतरचं? जे जे जमून येत होतं ते ते मला खोटं वाटत होतं, आणि जे खरं होतं त्याला शब्दच नव्हते. ती वाट पाहत होती. माझे ओठ हलत होते, आणि त्या प्रत्येक वेळी तिचा चेहरा उजळत होता आणि पुन्हा विझत होता.

"मला..." मी म्हणालो. "मला तू हवी आहेस."

"का?" तिने विचारलं. किती हळू विचारलं. तिला फक्त पुढचं एक वाक्य हवं होतं.

ते मला देता आलं नाही.

बस आली. तिने पदराने तोंड पुसलं, उठली, आणि उठताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, एखाद्या आजारी माणसाच्या फिरवतात तसा. बस वळेपर्यंत ती खिडकीतून माझ्याकडे पाहत राहिली. त्यानंतर ती वादसभेत आली नाही. वैशाखात तिचं निपाणीला लग्न झालं.

मी वकील झालो. कोल्हापुरात माझ्या बोलण्याची तारीफ होते, नवशिकी पोरं माझा युक्तिवाद ऐकायला मागे येऊन बसतात. बायको चांगली मिळाली, तिला मी फारसा न बोलणारा नवरा म्हणून माहीत आहे. बाजीराव अजून येतो, अजून त्या शनिवारचं मनाला लावून घेतो, आणि त्याचं मन हलकं व्हावं म्हणून आम्ही मिळून शेटेआप्पांना दोष देतो. जुन्या वळणाचा माणूस, पोरीच्या आडवा आला, दोन जिवांचं वाटोळं केलं, असं बाजीराव म्हणतो. मी हूं म्हणतो. आप्पा हो म्हणाले होते, हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. कारण मग तो विचारेल, मग झालं काय रे नक्की? आणि इतक्या वर्षांनंतरही तिथे माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही.